मूठभर चिंचोके

चैत्रात आमच्याकडे वर्षाची चिंच फोडून ठेवतात. मी माहेरी गेले तेव्हा नेमकं तेच चाललं होतं. पडवीत गोणपाट अंथरलेलं, आई बत्त्याने चिंचा ठेचतेय, बहीण शिरा ओढून काढतेय आणि मधे चिंचोक्यांचा तांबूस काळा ढीग वाढत चाललाय. बहिणीची लेक सव्वातीन वर्षांची. ती त्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून बसली होती.

“मावशी, मला वीसपर्यंत येतं,” ती म्हणाली आणि एका दमात म्हणूनही दाखवलं. मध्ये पंधरा गळले, पण गाडी थांबली नाही.

“शाब्बास! मग मला तीन चिंचोके दे बघू.”

तिने दोन्ही हातांनी ढीग उपसला आणि माझ्या ओंजळीत ओतला.

“हे तीन आहेत?”

“हो. तीन.”

“मोजून दाखवतेस?”

तिने ते गोणपाटावर ओळीने मांडले आणि एकेकावर बोट टेकवत मोजले. अकरा भरले. एकही सुटला नाही, एकावरही दोनदा बोट पडलं नाही.

“मग सगळे मिळून किती गं?”

मावशीला ऐकू येत नाही की काय, अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, “एक, दोन, तीन...”

बहिणीचा चेहरा उतरला. ती रोज रात्री लेकीकडून अंक म्हणून घेते. “एवढं करून हिला तीन कळत नाहीत?” मी तिला म्हटलं, अगं, आत्ता इथे काय चाललंय ते नीट बघ, असं बघायला पुन्हा मिळणार नाही. पहिलीच्या वर्गावर मी बरीच वर्षं आहे. वर्गात येणाऱ्या मुलांनी हा डोंगर आधीच चढलेला असतो, त्यामुळे चढताना पाहण्याचं भाग्य आम्हा शिक्षकांना क्वचित मिळतं.

‘चिंचोका’ हा शब्द शिकणं सोपं आहे. वस्तू दाखवायची, नाव सांगायचं. ‘तांबडा’ शिकणंही फार अवघड नाही. पण ‘तीन’ कुठे दाखवणार? आपण बोट टेकवत एक, दोन, तीन म्हणतो, तेव्हा तिसऱ्या चिंचोक्याचं नाव ‘तीन’ आहे असंच मुलाला वाटायला हवं. मग आपण उलट्या बाजूने मोजतो आणि मघाचा ‘तीन’ आता ‘एक’ होतो. शेजारच्या काकूंचं नाव रोज बदलावं तसं हे. तीनपण कुठल्याच चिंचोक्यात नसतं. ते तिघांचं मिळून असतं, आणि त्याच वेळी तीन पोळ्यांत, तीन पायऱ्यांत, आजोबांनी तीनदा मारलेल्या हाकेतही असतं. डोळ्यांना न दिसणारी ही गोष्ट शाळेत जाण्याआधीच, कुणी नीट समजावून न सांगता, जवळजवळ प्रत्येक मूल हस्तगत करतं.

कॅरन विन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९९० साली या चढणीचा नकाशाच काढला. त्यांची रीत माझ्या चिंचोक्यांसारखीच साधी होती. मुलापुढे खेळण्यांचा ढीग ठेवायचा आणि त्यातली एक, दोन, तीन अशी मागायची. त्यांना आढळलं ते असं. दहापर्यंत घडाघडा म्हणणारं अडीच वर्षांचं मूल ‘एक’ मागितलं तर एकच देतं. बाकी काहीही मागा, मूठभर देतं. त्यानंतर काही महिने जातात, मग त्याला ‘दोन’ कळतात. ‘तीन’ मागितलं तर अजून मूठच. आणखी काही महिने, मग ‘तीन’. एकेका अंकासाठी महिनेच्या महिने! आणि मग, साधारण साडेतीन-चार वर्षांच्या आसपास, एक दार उघडतं. पाच मागा, सात मागा, मूल मोजून तेवढेच काढून देतं. पाच आणि सात त्याला एकेक करून शिकावे लागत नाहीत. ओळीतला शेवटचा शब्द म्हणजेच ‘किती’चं उत्तर, हे गुपित त्याच्या हाती लागलेलं असतं.

माझी भाची या वाटेवर कुठे आहे ते मी लगेच पाहिलं. एक मागितला, एक दिला. दोन मागितले, जरा थांबून दोनच दिले. तीनला पुन्हा ओंजळ. म्हणजे ती दोनच्या पायरीवर उभी होती, आणि अगदी ठीक उभी होती.

पहिले तीनच असे सुटेसुटे का येतात, यालाही सुंदर उत्तर आहे. आपल्या डोळ्यांना तीनपर्यंत, फार तर चारपर्यंत वस्तू मोजाव्याच लागत नाहीत. ताटलीत तीन लाडू असले तर ते ‘दिसतात’. सात असले तर मोजावे लागतात किंवा मनातल्या मनात चार आणि तीन असे पाडावे लागतात. डोळ्यांची ही मर्यादा आपल्याच डोंगरांत कोरलेली सापडते. जुन्नरजवळच्या नाणेघाटातले आणि नाशिकच्या लेण्यांतले सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ब्राह्मी लेख पाहिले, तर त्या लिपीत एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन रेघा, तीन म्हणजे तीन. चारला मात्र चार रेघा नाहीत, एकदम निराळंच चिन्ह आहे. चार रेघा एका नजरेत ओळखणं कठीण, म्हणून इथे पद्धत बदलली, असा तर्क अभ्यासक मांडतात. आपले आजचे २ आणि ३ म्हणजे त्याच रेघा, हात न उचलता भरभर लिहिल्याने एकमेकींना जोडल्या गेलेल्या. भाची तीनपाशी थबकली होती, आणि कोरणाऱ्याची छिन्नीही तिथेच थबकली होती. ही गोष्ट कळल्यापासून मी फळ्यावर ३ लिहिते तेव्हा दर वेळी क्षणभर थांबते.

आता प्रश्न शिक्षकाचा. मूल असं आतून, आपल्या गतीने वर चढत असेल, तर शिक्षकाने करायचं काय?

याचं मला पटलेलं उत्तर रोममध्ये एका डॉक्टर बाईंनी शोधलं आणि त्याला आपल्या मातीचं रूप डहाणू तालुक्यात दोन मराठी शिक्षिकांनी दिलं.

मारिया मॉन्टेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत आपलं पहिलं बालगृह उघडलं. शिक्षकाने बोलावं कमी आणि पाहावं जास्त, असं त्या म्हणत. पण शिक्षक बोलणार नसेल तर चूक दाखवणार कोण? इथे त्यांनी जी युक्ती केली, तिच्यापुढे मी आजही हात जोडते. चूक दाखवण्याचं काम त्यांनी वस्तूंवर सोपवलं.

त्यांची अंकांची एक पेटी आहे. तिला दहा खण, शून्यापासून नऊपर्यंत आकडे लिहिलेले. सोबत दोन्ही टोकांना निमुळत्या लाकडी काड्या. मुलाने एकच्या खणात एक काडी ठेवायची, दोनमध्ये दोन, असं नऊपर्यंत. काड्या किती असतात? बरोबर ४५. एक ते नऊ यांची बेरीज. मुलाने पाचच्या खणात चुकून सहा टाकल्या तर शेवटी नऊच्या खणाला एक कमी पडते. चारमध्ये तीनच टाकल्या तर एक उरते. बाईंनी ‘चुकलास’ म्हणायची गरजच नाही. मूल हातातल्या उरलेल्या काडीकडे बघतं, कपाळाला आठ्या घालतं आणि मागे जाऊन एकेक खण तपासू लागतं. त्या आठ्यांमध्ये गणित घडत असतं. तेवढा वेळ शिक्षकाला गप्प बसता आलं पाहिजे, आणि स्वतःच्या अनुभवाने सांगते, या कामात सगळ्यांत अवघड तेच आहे.

शून्याच्या खणात काहीच पडत नाही. तो रिकामा का, हे मूल विचारतंच. मॉन्टेसरीबाई त्यासाठी एक खेळ खेळत. मुलाला म्हणत, “माझ्याकडे शून्य वेळा ये.” मूल धावत येई. “अरे, हे तर एकदा आलास. मी शून्य वेळा म्हटलं होतं!” कुणाला तरी उमगे की जागेवर बसून राहणं म्हणजेच शून्य वेळा येणं, आणि मग सगळी मुलं न हलता, हसू दाबत बसून राहत.

त्यांचा गुलाबी मनोरा अनेकांनी पाहिला असेल. दहा ठोकळे, सगळ्यांत लहानाची बाजू १ सेंटिमीटर, मोठ्याची १० सेंटिमीटर. रंग एक, लाकूड एक, आकार एक. फरक फक्त लहानमोठेपणाचा, म्हणून मुलाचं लक्ष दुसरीकडे जायला वावच नाही. धाकट्याच्या हजारपट लाकूड थोरल्यात मावतं, हे ते मूल सांगू शकणार नाही, पण दोन्ही हातांनी थोरल्याला उचलताना त्याच्या मनगटांना ते कळत असतं. हा मनोरा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला आजीच्या कोठीतली उतरंड आठवली होती. खाली मोठा रांजण, वर माठ, त्यावर मडकं, मग गाडगं आणि सगळ्यांत वर बोळकं. क्रम चुकला तर उतरंड डोलते आणि सांगते.

अक्षरांचंही तेच. मॉन्टेसरीबाईंनी खरकागदाची अक्षरं कापून पुठ्ठ्यावर चिकटवली आणि मुलं ती बोटांनी गिरवू लागली. आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर बोटाने अक्षरं काढत असत, दसऱ्याला ताटातल्या तांदळात अजूनही काढतात. बोटाला आधी कळतं, डोळ्याला मग. पुढे काय झालं ते त्यांनी आपल्या पुस्तकात लिहून ठेवलंय. डिसेंबरातला उन्हाचा दिवस, मुलं गच्चीवर. शेजारी बसलेल्या पाच वर्षांच्या मुलाला त्यांनी खडू दिला आणि समोरचं धुराडं काढायला सांगितलं. त्याने फरशीवर ते काढलं. त्यांनी कौतुक केलं. मूल क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिलं आणि एकदम ओरडलं की मला लिहिता येतं! गुडघ्यांवर बसून त्याने फरशीवर एक शब्द लिहिला, मग ‘धुराडं’, मग ‘छप्पर’. त्याला शब्द लिहायला कुणीच शिकवलं नव्हतं, नुसती अक्षरं बोटाखालून गेली होती. आणि त्याने लिहिलेला तो पहिला शब्द होता ‘हात’.

ही हकिकत मी किती वेळा वाचली असेल याला गणती नाही.

हे वारं आपल्या बाजूला आलं ते भावनगरवरून. गिजुभाई बधेका मुळात वकील. मुलगा झाला आणि त्याला कसं शिकवावं या विचाराने ते शिक्षणाकडे ओढले गेले. वकिली सोडून १९१६ मध्ये ते दक्षिणामूर्ती संस्थेत आले, १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर काढलं. मुलं त्यांच्या अंगाखांद्यावर अशी खेळत की गुजरातने त्यांचं नावच ठेवलं ‘मूछाळी मा’, मिशीवाली आई. त्यांचं ‘दिवास्वप्न’ मी नव्या शिक्षकांना आवर्जून वाचायला देते, आणि तेही एका फजितीसाठी. त्यातला कल्पित शिक्षक मोठ्या उमेदीने चौथीच्या वर्गात जातो आणि पहिल्याच दिवशी मॉन्टेसरी पद्धतीचा शांततेचा खेळ घेऊ बघतो. खिडक्या लावतो, डोळे मिटायला सांगतो. वर्गात असा गोंधळ उडतो की मुलांना घरी सोडून द्यावं लागतं. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला बसतो, आणि तोच वर्ग चिडीचूप. खेळ पुस्तकातून उचलून आणला होता, गोष्ट त्या मुलांकडे बघून निवडली होती.

१९२३ मध्ये ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाईंच्या सोबत कामाला आल्या. १८९२ साली मुंबईत जन्मलेल्या, मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर, राजकोटला अध्यापिकांच्या कॉलेजच्या प्राचार्य असलेल्या ताराबाई ते मानाचं पद सोडून आल्या होत्या तीन-चार वर्षांच्या मुलांच्यात बसायला. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. पुढे त्यांनी मराठी ‘शिक्षणपत्रिका’ चालवली, दादरला शिशुविहार काढलं. पण शहरातली बालमंदिरं वाढत गेली तशी एक गोष्ट त्यांना टोचू लागली. साधनं महाग. पॉलिश केलेलं लाकूड, ठरावीक मापं, खास पेट्या. ज्यांच्या घरी आधीच सगळं आहे, त्यांच्याच मुलांना ती मिळणार.

१९४५ मध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्या समुद्राकाठच्या, चिकूच्या वाड्यांच्या बोर्डी गावी गेल्या. सोबत अनुताई वाघ. अनुताई १९१० च्या, मोरगावच्या. तेराव्या वर्षी लग्न आणि पाठोपाठ वैधव्य, त्यानंतर हट्टाने शिकून शिक्षिका झालेल्या. कस्तुरबा ट्रस्टच्या बोरिवलीच्या शिबिरात दोघींची गाठ पडली, आणि ती जोडी आयुष्यभर टिकली.

बोर्डीत ताराबाईंनी काय केलं ते मला एखाद्या वैज्ञानिक शोधाइतकं मोठं वाटतं. त्यांनी जणू मॉन्टेसरीच्या साधनातून लाकूड वजा करून पाहिलं. गुलाबी मनोऱ्यातलं, काड्यांच्या पेटीतलं लाकूड काढून टाकलं तर मागे काय उरतं? एका वेळी एकच फरक. हाताला करण्याजोगं काम. आणि चूक आपली आपल्याला दिसण्याची सोय. हे तिन्ही गुण तर गावात पडलेले असतात! शिंपले लहानमोठे लावता येतात. पानं कडेच्या कातरकामावरून निवडता येतात. गोटे हातात तोलता येतात. बिया, काड्या, माती, फुलं, सगळं दाराशी आहे. पंचेचाळीस काड्यांची ती देखणी पेटी नसली तरी काय अडतं? पंचेचाळीस चिंचोके आणि दहा करवंट्या मांडल्या तर नेमकं तेच गणित होतं. चिंचोका तर या कामासाठीच जन्मल्यासारखा. चपटा, त्यामुळे गडगडत नाही. गुळगुळीत, त्यामुळे बोटांना आवडतो. वर्षानुवर्षं टिकतो.

दुसरी अडचण पैशाची नव्हती. दलित वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. बोलावून पाहिलं, समजावून पाहिलं. तेव्हा शिक्षिका साधनांची झोळी घेऊन वस्तीत गेल्या, एका अंगणात सतरंजी टाकली आणि शाळा भरवली. दारात बसलेल्या आयांना सगळं दिसत होतं. लहान मूल घाबरलं तर चार पावलांवर घर होतं. त्या शाळेला ताराबाईंनी नाव दिलं ‘अंगणवाडी’.

हा शब्द आपण इतक्यांदा ऐकतो की त्याच्या आत बघायचं राहून जातं. अंगण म्हणजे धड घरही नाही आणि धड रस्ताही नाही. मुलाला सोडून दिल्यावरही ते आईच्या नजरेत राहतं अशी ती जागा. तीन वर्षांच्या मुलाची पहिली शाळा कुठे असावी, याचं उत्तर त्या शब्दातच आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने देशातल्या ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना हेच नाव मिळालं. आज देशात १३ लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. ताराबाई हे बघायला नव्हत्या. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या गेल्या.

बोर्डीहून पुढे दोघी कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, वारली पाड्यांच्या मधोमध. तिथे शाळेची घडी आणखी एकदा मोडून नव्याने घालावी लागली. मोठी मुलगी शाळेत येत नव्हती, कारण तिच्या कडेवर धाकटा भाऊ. मग भावासाठी पाळणाघर, मधल्या भावंडासाठी बालवाडी आणि मोठीसाठी प्राथमिक शाळा, तिन्ही एकाच आवारात. याला त्यांनी ‘विकासवाडी’ म्हटलं. मुलगे येत नव्हते, कारण ते गुरांमागे. मग शिक्षकच कुरणात गेले. ती ‘कुरणशाळा’. गुरं चरताहेत, मुलांचं एक लक्ष त्यांच्यावर आहे, आणि सावलीत धडा चाललाय. नवी अडचण आली की शाळेचा आकार बदलायचा, मूल कापून शाळेत बसवायचं नाही. अनुताईंचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ वाचताना हे फार जवळून दिसतं. ताराबाईंनंतर १९९२ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, त्या याच कामात राहिल्या.

बालवाडीत आल्यावर हातपाय धुणं, नखं कापणं, केस विंचरणं हेही शिक्षणच होतं. मुलाने स्वतः लोटीने पाणी घेऊन पाय धुवायचे. आधी कुठला पाय, किती पाणी, लोटी किती कलती करायची. सांडलं तर लगेच दिसतं. पंचेचाळीस काड्यांच्या पेटीत जे होतं ते इथेही आहे.

मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवतो. अंक म्हणता म्हणता तो सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस असा धावत आला आणि ठणठणीत आवाजात म्हणाला, “नव्वावीस!” आणि पुढे “दहावीस!” वर्ग हसला. मला हसू आलं नाही, कारण हा शब्द त्याने कुणाच्याच तोंडून ऐकलेला नव्हता. म्हणजे तो पोपटपंची करत नव्हता. मराठी अंक कसे घडतात याचा नियम त्याने आपला आपण शोधला होता आणि तो नियम लावून शब्द पाडला होता. आधी सुटा अंक, मग वीस. बावीस, तेवीस, तर मग नव्वावीस. मध्येच उलटी उडी मारली ती आपल्या भाषेने. एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा. मोजायला शिकणाऱ्या पोराच्या वाटेत मराठीने वजाबाकी पेरून ठेवलीय! तीही सगळीकडे नाही. नव्व्याण्णवला आपण ‘एकोणशंभर’ म्हणत नाही. तिथे त्या मुलाचाच नियम चालतो.

चिनी भाषेत अकरा म्हणजे ‘दहा-एक’ आणि एकवीस म्हणजे ‘दोन-दहा-एक’. मूल दहापर्यंत शिकलं की पुढची रचना त्याच्या हातात येते. मराठी मुलाला शंभरापर्यंतचा जवळजवळ प्रत्येक शब्द वेगळा पाठ करावा लागतो, शिवाय एकवीस बोलताना एक आधी आणि लिहिताना दोन आधी. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशा वाचनाचा पर्याय आला तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी त्यामागचा विचार मुलांच्या बाजूने मांडला होता. मला स्वतःला एकोणतीस सोडवत नाही, त्यात आपल्या पूर्वजांची मोजण्याची तऱ्हा जपलेली आहे. पण मुलाला दहाच्या तीन जुड्या बांधायला दिल्या, एका जुडीतली काडी काढून घेतली आणि विचारलं, तर ‘तिसाला एक उणा’ त्याच्या हातातच दिसतो. त्या मुलाला मी तेच करायला दिलं. तो बराच वेळ त्या अपुऱ्या जुडीकडे बघत राहिला.

म्हणून तीन वर्षांच्या लेकरांच्या वह्यांमध्ये शंभरापर्यंतचे आकडे लिहून घेतलेले बघते, तेव्हा माझ्या पोटात तुटतं. पेन्सिल धरायची बोटं अजून तयार नाहीत, ‘तीन’ अजून कळलेले नाहीत, आणि त्र्याहत्तर लिहायचं. आयाबापांचा दोष नाही, त्यांना घाई करायला लावलं जातं. त्याच वेळात ते मूल मटार सोलू शकलं असतं, शेंगेत किती दाणे आहेत ते पाहू शकलं असतं, वाट्या लहानमोठ्या लावू शकलं असतं. बहिणीला मी एवढंच सांगितलं की अंक म्हणून घे, पण पानं मांडताना हिला वाट्या आणायला सांग. चार माणसं, चार वाट्या. कमी पडली तर एका माणसापुढे वाटी नसेल, ते तिचं तिला दिसेल.

दिवाळीला पुन्हा माहेरी गेले. चिंचोके आता एका डब्यात भरून ठेवलेले होते, आणि डबा अर्थातच भाचीच्या ताब्यात. मी हात पुढे केला.

“तीन दे.”

तिने तीन दिले. बघूनच, न मोजता.

“पाच दे.”

ओठ हलले, एकेक करून पाच आले. सात मागितले, सात आले. बहीण स्वयंपाकघराच्या दारात चकलीचा सोऱ्या हातात धरून उभी होती. कधी कळलं हिला, कोण जाणे, ती म्हणाली.

“आता शून्य दे.”

भाची थांबली. डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग डब्यात हात घातला, मूठ घट्ट मिटून बाहेर काढली आणि माझ्या तळहातावर आणून अगदी सावकाश उघडली.

“घे,” ती म्हणाली. “सांडू नकोस.”